बिनतारी यंत्राची तार

पूर ओसरला की घर परत मिळतं, पण आधी ते खरवडून काढावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही सांगलीच्या गावभागातल्या घरात पुन्हा पाय ठेवला तेव्हा सोप्यात घोटाभर गाळ होता, आणि त्या गाळात टीव्हीच्या स्टुलाशेजारी वायफायचा राउटर उपडा पडला होता. आईनं तो उचलून गच्चीवर उन्हात ठेवला. तो चालू होणार नाही हे तिलाही कळत होतं. पण त्या आठवड्यात आम्ही सगळंच उन्हात ठेवत होतो. गाद्या, रेशनकार्ड, माझं दहावीचं प्रमाणपत्र, देवघरातले टाक.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तो सहज हातात घेतला. पाठीमागच्या चारही खाचांत गाळ वाळून दगड झाला होता. आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेतली, एका खाचेत घालून उचकटलं, तर गाळाची अख्खी चौकोनी वडी बाहेर आली. पेराएवढी. तिच्या एका अंगावर आठ बारीक समांतर रेघा उमटलेल्या. खाचेच्या आत आठ सोनेरी पट्ट्या असतात, त्यांचा ठसा. कृष्णामाईनं जाता जाता साचा काढून दिला होता.

ती वडी मी बराच वेळ तळहातावर घेऊन बसलो. कारण माझं पोटपाणी त्या आठ पट्ट्यांवर चालतं. पुण्यातल्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. म्हणजे करतो काय, तर खुर्चीत बसून कुठल्या कुठल्या गावांतल्या ऑफिसांच्या ॲक्सेस पॉइंटना, म्हणजे वायफाय हवेत पसरवणाऱ्या यंत्रांना, हुकूम सोडतो. हा चॅनल घे, आवाज कमी कर, झोप, ऊठ. अशी शेकडो यंत्रं मी आजवर उठवली-बसवली असतील. त्यांतलं एकही स्वतःच्या हातानं भिंतीला लावलेलं नव्हतं. शिडीवर चढणारी माणसं वेगळी असतात, फोनवर त्यांचा फक्त आवाज येतो: "साहेब, लाईट लागली बघा निळी."

माझे वडील मात्र शिडीवरचे. अण्णा वीज मंडळात वायरमन होते, २००४ ला निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी पूर आला. नोकरीतली शेवटची वर्षं सोडली तर खांब, पक्कड आणि दोरखंड यांतच त्यांचा जन्म गेला. आता अठ्ठ्याहत्तरीला आलेत, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, आणि तरीही घरात बल्ब उडाला तर तो बदलायला दुसऱ्या कुणी घोड्यावर चढलेलं त्यांना खपत नाही.

सोप्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटच्या तीन रेघा मारून ठेवल्यात. खालची २००५ ची, गुडघ्याच्या जरा वर. सगळ्यात वरची २०१९ ची, जमिनीपासून बरोबर सहा फूट. २०२१ ची दोन्हींच्या मधे. पाव्हणे येतात, रेघेशेजारी उभे राहून फोटो काढतात. आमच्याकडे पावसाळ्यात कुणी "कसं काय" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून पुढं किती जातंय हे दोन आकडे इथल्या चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. पाण्याच्या भीतीनं वस्तू उंचावर ठेवायच्या, हे आमच्या हाडात मुरलंय. याच्या बरोब्बर उलटी गोष्ट हरिपूरची. तिथं हळद जमिनीखाली पेवांत ठेवायचे. मातीच्या पोटात ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पाण्यानं त्यांतली बरीच पेवं गेली. अण्णांच्या मामांचंही एक पेव होतं. तो विषय निघाला की अण्णा जेवायच्या ताटावरून उठतात, म्हणून तो इथंच सोडतो.

घरून काम करायची मुभा मिळाल्यावर मी सांगलीला मुक्काम हलवला आणि मागच्या खोलीत टेबल मांडलं. तिथं वायफायची एक काडी यायची, तीही दार उघडं असलं तर. दोष राउटरचा नव्हता. आमचं घर जुनं. खाली काळा दगड, वर विटा, भिंतींची जाडी दोन फूट. त्यात पुरांचं पाणी प्यालेली. वरून गिलावा कोरडा दिसतो, पण ओल आत कितीतरी महिने बसून असते. वायफायची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर म्हणजे साडेबारा सेंटिमीटरची, आपल्या अर्ध्या वितीएवढी. ती भिंतीतून पडत-धडपडत का होईना, पलीकडे निघते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर पाच-सहा सेंटिमीटरची, तीन बोटांची. ती वेगवान, पण नाजूक. दोन फुटी भिंत लागली की संपली. त्यात लोखंडी कपाटं, आणि आईची स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, जिच्यावर आजीच्या काळापासूनची ताटं-वाट्या रांगेनं उभ्या आहेत. लहरींच्या दृष्टीनं तो आरसेमहालच.

भिंत आणि लहर यांचं नातं तसं आपल्याकडे फार जुनं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात लोकांदेखत भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली होती, बिनतारी. त्यांच्या लहरी तर आमच्या वायफायपेक्षाही आखूड, मिलिमीटरांत मोजायच्या. मी हे अण्णांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "कलकत्त्याची भिंत असंल. आमच्या आज्ज्यानं बांधलेली न्हाई."

आणखी एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लायसनशिवाय वापरायला मोकळा झाला तो २००५ साली. ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा खुला झाला २०१८ ला. आमच्या भिंतीवरच्या खालच्या-वरच्या रेघा २००५ आणि २०१९ च्या. यात अर्थ काही नाही. पण रोज त्या रेघांखाली जेवायला बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात साली अशीच चिकटतात.

तर, घराच्या मधोमध, माजघरात, एक ॲक्सेस पॉइंट लावायचा असं ठरलं. राउटर माडीवरच, जिथं फायबरची तार आत येते तिथं राहणार. तिथून एक केबल माजघरापर्यंत ओढायची आणि तिच्या टोकाला हे यंत्र. त्याचं काम एवढंच की तारेतून आलेलं हवेत पेरायचं आणि हवेतून आलेलं तारेत घालायचं. अण्णांनी परवानगी दिली, पण अट घातली: सहा फुटांच्या खाली एकही जोड नको.

यंत्र आलं. पांढरं, गोल, चपटं, मोठ्या बशीएवढं. आई म्हणाली, "हे छताला लावायचं? लोक म्हणतील, ताट उलटं का चिकटवलंय." अण्णांना मात्र तोंडाकडच्या बाजूत काडीचा रस नव्हता. त्यांनी ते लगेच पालथं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पाठ वाचायला घेतली. मी आजवर अशा यंत्रांची ओळख नेहमी त्यांच्या आतल्या मेनूतून करून घेत आलो. अण्णा माणसाची ओळख त्याच्या चपलांवरून करून घेतात, यंत्राची बुडावरून.

पाठीत खोलगट जागा, केबलला वळायला वाव राहावा म्हणून. तिथं शेजारी-शेजारी दोन चौकोनी खाचा. एकीवर लिहिलेलं, वीज आणि डेटा दोन्ही. दुसरी नुसत्या डेटाची, म्हणजे पुढं एखादा फोन किंवा कॅमेरा तारेनं जोडायचा झाला तर. बाजूला आणखी एक खाच, अगदी तसलीच, पण 'कन्सोल' असं लिहिलेली. यंत्र पार रुसलं, नेटवर्कवरून काही ऐकेना, तर लॅपटॉप थेट तिथं जोडून त्याच्याशी बोलायचं. दिसायला जुळी भावंडं, स्वभावाला वेगळी. घाईत केबल चुकीच्या खाचेत घालून "लागत नाही" म्हणून रडणारे महाभाग मी फोनवर पुष्कळ ऐकलेत. मग बारा व्होल्टच्या अडॅप्टरसाठी एक गोल भोक. मग टाचणीएवढं एक छिद्र, आतलं बटण दाबून यंत्राला सगळं विसरायला लावायचं. आणि कडेला एक लांबट चीर.

"ही कशाला? अडकवायला?"

"कुलूप लावायला, अण्णा. चोरी होऊ नये म्हणून तारेचं कुलूप येतं."

"आणि वीज कुठनं द्यायची? तुळईवर प्लग न्हाई. मी काढून देणार न्हाई."

मी म्हणालो, वीजही त्याच केबलमधून जाणार. यावर त्यांनी चष्मा खाली घेतला.

पॉवर ओव्हर इथरनेट ही गोष्ट मी पाचपन्नास लोकांना समजावलेली आहे, पण समोर कधी वायरमन नव्हता. या माणसानं ४४० व्होल्टची लाईन खांदा मोडेपर्यंत ओढलेली. त्याला मी सांगत होतो की केसासारख्या आठ तारांतून ४८ व्होल्ट सोडायचे, तेही ज्या तारांतून माहिती पळते त्यांतूनच. माझी अपेक्षा होती की ते हसतील. ते म्हणाले, "म्हंजे आमचा कॅरिअर."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. १३२ केव्हीच्या सबस्टेशनात एक फोन असायचा. त्याची तार टेलिफोन खात्याच्या खांबावरून येत नसे. हाय टेन्शनच्या लाईनीवरूनच, विजेच्या पाठुंगळी बसून, आवाज या सबस्टेशनातून त्या सबस्टेशनात जायचा. लाईन जिथं सबस्टेशनात शिरते तिथं एक मोठं पिंप टांगलेलं असतं, वेव्ह ट्रॅप म्हणतात. ते वीज आत सोडतं आणि आवाजाला अडवून बाजूच्या वाटेनं काढून देतं. मी लहानपणापासून ती पिंपं बसच्या खिडकीतून बघत आलो, पाण्याच्या टाक्या समजून. अण्णांनी ज्या रात्री त्या फोनवर "लाईन ट्रिप झाली" असं ओरडून सांगितलं असेल, तेव्हा मी पाळण्यात असेन.

आता समजावणं सोपं झालं. माडीवर एक छोटा डबा बसेल, इंजेक्टर. त्याला घरातली २३० व्होल्ट द्यायची आणि राउटरकडून आलेली केबल. तो दोन्ही एकत्र करून एकाच केबलमधून खाली धाडतो. तसं करण्याआधी तो पलीकडच्या यंत्राला चाचपतो: दहा व्होल्टच्याही आतला दाब देऊन बघतो की तिकडे २५ किलोओमचा रेझिस्टर आहे का. ती खूण पटली तरच पूर्ण दाब सोडतो. नाही पटली तर शून्य. चुकून लॅपटॉप लावला तरी जळत नाही.

"टेस्टर लावून बघतंय की आधी," अण्णा म्हणाले. "परमिट हातात आल्याबिगर खांबाला हात लावत न्हाई. शाना आहे डबा."

सगळेच डबे शहाणे नसतात, हेही मी त्यांना सांगितलं. स्वस्तातले काही इंजेक्टर कुणाला न विचारता दाब सोडतात. तसला एक डबा मी एका मित्राच्या दुकानात भलत्याच कॅमेऱ्याला लावला होता. धूर फारसा आला नाही, वास मात्र आठवडाभर होता.

शहाण्या डब्यांचा २००३ साली ठरलेला नियम असा की डब्यानं जास्तीत जास्त १५.४ वॅट सोडायचे आणि यंत्रानं १२.९५ वॅटवर भागवायचं. मधले अडीच वॅट कुठं गेले? शंभर मीटर केबल तापवण्यात. हा हिशेब ऐकून अण्णा खूश झाले. वाटेत सांडणार हे ज्यानं कागदावरच लिहून ठेवलंय, तो माणूस लाईनवर काम केलेला असणार, असं त्यांचं मत पडलं.

मला राहून राहून गंमत वाटते ती नावांची. इथरनेट, म्हणजे यंत्रं तारेनं एकमेकांना जोडायची ही पद्धत, हे नाव १९७३ मधलं. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी ते ठेवलं, ते जुन्या शास्त्रज्ञांच्या 'ईथर'वरून. सगळं विश्व व्यापून असलेलं ते कल्पित तत्त्व, ज्यातून म्हणे प्रकाश वाहतो. आणि प्रेरणा होती हवाई बेटांवरच्या अलोहानेट नावाच्या नेटवर्कची, जे चक्क रेडिओवर चालायचं. म्हणजे आकाशाचं नाव मिळालं ते तारेला. आणि आम्ही बिनतारी यंत्र लावायला निघालो होतो तर यादीत काय काय होतं? केबल, जॅक, पीव्हीसी पट्टी, स्क्रू, गिट्ट्या, क्लिपा, ड्रिलचं दोन फुटी बिट, घोडा, दोरी, आणि शेजारच्या जोशीकाकूंची परवानगी, कारण भोक पाडताना त्यांच्या बाजूची माती पडणार होती.

दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी नुसती वाट ठरवली. मी म्हणालो, गच्चीवरून बाहेरून केबल टाकू, अंतर निम्मं होईल. अण्णांनी नकार दिला. वैशाखात वळीव येतो, विजा पडतात, आणि छपरावरची लांब तार म्हणजे आकाशातल्या विजेला पत्ता लिहून देणं. दरवर्षी उन्हाळ्यात परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ते न चुकता बादलीभर पाणी ओततात. मीठ-कोळशाचा खड्डा, कोरडा पडला तर उपयोग नाही. घरातल्या तुळशीला एखादे दिवशी पाणी चुकेल, अर्थिंगला नाही. म्हणून वाट आतून, जिन्याच्या कडेनं, वळसे धरून पस्तीस मीटर.

भोक पाडणं हा माझ्या आयुष्यातला एक मोठा अनुभव म्हणायला हवा. दोन फुटी भिंतीत पहिला अर्धा फूट विटेची लाल भुकटी आली, मग मऊ माती, मग एकदम बिट आत खेचलं गेलं, पोकळी लागली, मग पुन्हा वीट. आज्ज्याच्या भिंतीचं पोट असं पोकळ निघेल हे अण्णांनाही माहीत नव्हतं. भोक थोडं उतरतं पाडायचं, बाहेरच्या अंगाला. आणि केबल भोकात घालण्याआधी तिला खाली पोट द्यायचं, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी त्या पोटाशी टपकतं, भिंतीत जात नाही. आतली भिंत असली तरी अण्णांनी पोट दिलंच. "वरून गळतंय कधी, खालून येतंय कधी."

यंत्र तुळईला बसलं. आधी पत्र्याची गोल चकती स्क्रूनं, मग यंत्र तिच्यावर टेकवून पाव फेरा फिरवायचं, 'टक' होतं. असली यंत्रं छताला तोंड खाली करून लावायचीच घडवलेली असतात. लहरी छत्रीसारख्या खाली आणि बाजूला पसरतात. लोक ती कपाटावर उताणी ठेवतात आणि मग गच्चीवरच्या कावळ्यांना चांगली रेंज मिळते.

राहिले जॅक. केबलच्या दोन टोकांना दोन. एक मी मारायचा, एक अण्णांनी, असा त्यांचा हट्ट. वरचं साल दोन बोटं सोलायचं. आत चार जोड्या, प्रत्येकीचा पीळ वेगळा; शेजारच्या जोडीचं बोलणं हिच्यात मिसळू नये म्हणून. पीळ लागेल तेवढाच सोडायचा, तारा चिमटीत धरून सरळ करायच्या आणि ओळीनं लावायच्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत छाटायची. पारदर्शक जॅकमध्ये सारायच्या. समोरून डोळ्याशी धरून बघायचं की आठही टोकं भिंतीला टेकलीत. मग पक्कड दाबायची. अण्णांनी प्रत्येक तार उजेडाकडे धरून मला विचारली, "हा केशरी का तपकिरी?" त्यांच्या बोटांना जुन्या भाजल्याच्या खुणा आहेत, पण त्या बोटांत तार जशी बसते तशी माझ्या बोटांत पेनही बसत नाही.

निळी लाईट लागली. आईनं साखर वाटली. संध्याकाळी भडंगाची परात मधे ठेवून आम्ही माजघरात बसलो आणि मी लॅपटॉप उघडून बघितलं, तर जोडणी शंभर मेगाबिटांची. हजाराची हवी होती.

याचा अर्थ मला पाठ होता. शंभरासाठी दोन जोड्या पुरतात; हजारासाठी चारही लागतात. कुठली तरी तार टेकलेली नाही. शिवाय रात्री सगळे फोन एकदम लागले की यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. मला जे वाटलं ते लिहितो, लपवत नाही. मला वाटलं, अण्णांचा जॅक. मोतीबिंदूचे डोळे, केशरी आणि तपकिरी. ते झोपल्यावर मी घोड्यावर चढलो, त्यांचा जॅक कापून कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि नवा मारला. फरक शून्य.

सकाळी चहाला आलो तर अण्णा ओट्यावर बसलेले, हातात तो कापलेला जॅक. काही बोलले नाहीत. जॅक उन्हात धरून समोरून बघत होते, जिथून आठ टोकं दिसतात. मग माझ्या हातात दिला.

"काय दिसतंय?"

"रंग बरोबर आहेत, अण्णा. ओळ बरोबर आहे." मी खजील होऊन म्हणालो.

"वरच्या सालाचा रंग बघतूस तू. तारेचा बघ."

आठही टोकं पांढरट होती. तांब्याची टोकं लालसर दिसायला हवीत. मी चार वेळा त्या जॅकमधून बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी केशरी-हिरवा-निळा वाचत होतो. अण्णांनी खिशातून ब्लेड काढलं, उरलेल्या केबलमधली एक तार सोलली आणि ब्लेडनं हलकेच खरवडली. वरचा तांबडा थर पापुद्र्यासारखा गेला, आत रुपेरी. मग ती तार त्यांनी तीनदा पुढं-मागं वाकवली. चौथ्यांदा ती पटकन तुटली, वाळक्या काडीसारखी.

"ॲल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा. खोकं उचललं तवाच वाटलं, हलकं कसं."

त्यांच्या उमेदीच्या दिवसांत घरोघरी ॲल्युमिनियमचीच वायर असायची, तांबं मिळायचं नाही. तिचे सांधे सैल पडायचे, तापायचे, काळे व्हायचे. ते दुखणं त्यांनी तीस वर्षं निस्तरलेलं. मी मात्र खोक्यावर केबलची प्रत 'कॅट-६' छापलेली वाचली होती, आणि निम्म्या भावात मिळालं म्हणून दुकानातून शीळ घालत आलो होतो. दुकानदार "एक नंबर माल" म्हणाला होता. क्रमांकाबद्दल खोटं बोलला असं म्हणता येणार नाही, कुठल्या यादीतला ते मी विचारलं नाही.

मग बाकीचं मला उलगडलं. आमचा इंजेक्टर वीज सोडतो निळ्या आणि तपकिरी जोडीवरून. माझ्या बाजूच्या, हो, माझ्याच जॅकमध्ये तपकिरी तार पक्कड दाबताना मोडली होती. म्हणून चौथी जोडी अपुरी, म्हणून शंभर. आणि जोडीतल्या उरलेल्या एकाच तारेवर दोघींचा भार, त्यात धातू असा की तांब्याच्या दीडपटीहूनही जास्त अडवणारा. रात्री यंत्रानं जरा जास्त वीज मागितली की टोकाशी दाब कोसळायचा आणि यंत्र मान टाकायचं. सगळं मला तोंडपाठ होतं. फक्त कुठं बघायचं ते माहीत नव्हतं.

मिरजेहून अस्सल तांब्याची केबल आणली. खोकं अण्णांनी उचलून बघितलं, "हां," म्हणाले. तीच वाट, तेच भोक, तेच पोट. या वेळी दोन्ही जॅक त्यांनी मारले, मी रंग सांगायला. जोडणी हजाराची आली आणि तेव्हापासून यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही. वीज गेली तरी माडीवरच्या इन्व्हर्टरवर राउटर आणि इंजेक्टर चालतात, म्हणून खालचं यंत्रही चालतं. इंजेक्टरवर अण्णांनी एक कागद चिकटवलाय, पेन्सिलीनं: तारीख, ३५ मीटर, तांबे. त्यांच्या खात्यात असंच लिहायचे म्हणे. खंडेनवमीला पक्कड, टेस्टर आणि कमरेचा पट्टा यांच्या शेजारी पाटावर क्रिंपिंगची पक्कडही मांडलेली दिसली. तिच्यावर हळदीचं बोट जरा जास्तच लागलं होतं.

ती नकली केबल मी भंगारात देणार होतो. अण्णांनी देऊ दिली नाही. परसात दुधी भोपळ्याचा वेल चढवायला त्यांनी तिचा मांडव विणला, भिंतीतल्या जुन्या खुंट्यांपासून पेरूच्या झाडापर्यंत, मापात, दर हातभर गाठ मारून. माहिती नेता येत नसली तरी चार-चार किलोचे भोपळे बिनतक्रार तोलतेय. दुपारी मी कधी लॅपटॉप घेऊन त्या मांडवाखाली बसतो. रेंज तिथंही येते. पावसानंतर पानं ओली असली, की मात्र एक काडी कमी.